रुग्णांच्या नोंदींचे कोठार आणि परवलीचा शब्द

सी.टी. स्कॅनचे यंत्र देणगीदारांना पाहता येते. दात्याच्या नावाची पाटीही त्यावर लागते. त्या यंत्राने काढलेली चित्रे पुढे कोठे जातात, हे मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. सी.टी.चे एक चित्र साधारणतः ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते व सुमारे अर्धा मेगाबाइट जागा व्यापते. एका तपासणीत अशी शेकडो, कधी हजारावर चित्रे निघतात. ती एखाद्या सर्व्हरमध्ये फार काळ मावत नाहीत. म्हणून डिस्कांचे स्वतंत्र कोठार उभारून निरनिराळे सर्व्हर त्यास नेटवर्कने जोडले जातात. आपल्या रुग्णालयात हीच व्यवस्था आहे. अहवाल वर्षात या कोठाराच्या दाराशी सर्व्हरची ओळख पटविण्याची पद्धत बसविण्यात आली, तिचा हा परिचय.

अशा जोडणीची ‘आयस्कझी’ नावाची रीत २००४ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यामुळे दूरच्या खोलीतील डिस्क सर्व्हरला आपल्या पोटातीलच वाटते. धोका आहे तो याच सोयीत. साध्या मांडणीत कोठार केवळ सर्व्हरने सांगितलेले नाव पाहून दार उघडते, आणि हे नाव कोणत्याही संगणकावर टंकून बदलता येते. छातीवरील बिल्ला वाचून आत सोडणाऱ्या पहारेकऱ्यासारखाच हा प्रकार!

धोका फक्त चोराचा नसतो. नवा सर्व्हर बसविताना अनवधानाने त्यास जुन्याचेच नाव दिले गेले, तर दोघेही एकाच डिस्कवर लिहू लागतात. प्रत्येक जण स्वतःस एकमेव मालक समजतो, एकमेकांच्या नोंदी पुसतो, आणि कोणाचाही वाईट हेतू नसताना डिस्कची अनुक्रमणिका विस्कटून जाते. गाठ वाढली की आटली, हे ठरविताना डॉक्टर मागील वर्षीचे चित्र शेजारी ठेवून पाहतात. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते; मागील वर्षीचा स्कॅन आज पुन्हा काढता येत नाही.

ओळख पटविण्याच्या पद्धतीस ‘चॅप’ म्हणतात. तिचे आजचे प्रमाण १९९६ चे आहे. गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारला जाई, हे आपण वाचलेले असते. तो शब्द मोठ्याने उच्चारला की आडोशाला उभ्या असलेल्या शत्रूसही ऐकू जातो, ही त्यातील उणीव. चॅपमध्ये शब्द उच्चारलाच जात नाही. कोठार सर्व्हरकडे एक यादृच्छिक संख्या पाठविते. सर्व्हर त्या संख्येची व आपल्या गुप्तशब्दाची ठराविक गणिती घुसळण करून केवळ उत्तर परत पाठवितो. कोठार तेच गणित स्वतः करून पाहते. उत्तरे जुळली तरच प्रवेश मिळतो. पुढच्या वेळी संख्या नवी असते, त्यामुळे कालचे ऐकलेले उत्तर आज निरुपयोगी ठरते.

आपण ही तपासणी दोन्ही बाजूंनी ठेवली आहे. सर्व्हरनेही कोठाराची परीक्षा घ्यावी, अन्यथा तोतया कोठार रुग्णांचे अहवाल गिळंकृत करील. दोन्ही दिशांचे गुप्तशब्द वेगळे असणे अनिवार्य आहे. ते एकच असतील, तर तोतया आपणास विचारलेला प्रश्न उलट समोरच्यासच विचारून उत्तर मिळवू शकतो. शिवाय ऐकलेल्या प्रश्नोत्तरांवरून सवडीने शब्दाचा अंदाज बांधता येतो. म्हणून तो किमान ९६ बिटांचा व अर्थहीन असावा. रुग्णालयाचे नाव किंवा स्थापनेचे वर्ष येथे मुळीच चालत नाही.

प्रत्यक्ष कामात एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागली. आधीपासून जोडलेला सर्व्हर नवा नियम लागू झाल्यावरही बहुधा चालूच राहतो, आणि एखाद्या रात्री वीज जाऊन आली की दारात अडतो. म्हणून प्रत्येक सर्व्हर ठरवून तोडला व पुन्हा जोडला, आणि मुद्दाम चुकीचा शब्द देऊन नकार मिळतो की नाही, हेही पाहिले. दुसरी चाचणी अनेक ठिकाणी राहून जाते. वस्तुतः तीच अधिक महत्त्वाची.

चॅप दारावरची ओळख पटविते. वाटेतील चित्रे मात्र उघडीच वाहतात. त्यासाठी कोठाराचे जाळे इतर संगणकांपासून वेगळे ठेवावे लागते. अधिकृत सर्व्हरमध्येच विषाणू शिरला, तर कोठार त्याचेही ऐकेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये खंडणीखोर विषाणूमुळे संगणक व्यवस्था ठप्प होऊन बरेच दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. जाळ्यापासून पूर्णतः तोडून ठेवलेली दुसरी प्रत, हाच अशा वेळचा आधार.

ओळख पटविण्याच्या या कामास नवे यंत्र घ्यावे लागले नाही. कर्मचाऱ्यांचे श्रम तेवढे लागले. कोठारासाठी स्वतंत्र स्विच आणि तोडून ठेवण्याच्या प्रतीची साधने यांस मात्र निधी लागेल, आणि ही दोन्ही खरेदी येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात विश्वस्त मंडळापुढे विचारार्थ ठेवली आहे.