मंत्र्यांच्या शब्दाला जामीन कोण?

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी सहकारी बँकेवर निर्बंध आले. खातेदाराला स्वतःच्याच खात्यातून सुरुवातीला फक्त एक हजार रुपये! निदर्शने करणाऱ्या खातेदारांना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ऑक्टोबरमध्ये ऐकवले : नियामक रिझर्व्ह बँक आहे, मंत्रालयाचा थेट संबंध नाही. मार्च २०२० मध्ये येस बँक बुडायला आली, तेव्हा याच मंत्र्यांनी ठेवी सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. स्टेट बँकेचा पैसाही धावून आला. इकडे पीएमसीच्या मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबली. हा न्याय कुठला?

सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर खटल्यात ठरवले की, सामूहिक जबाबदारीच्या नावाखाली मंत्र्याचे विधान सरकारला चिकटवता येत नाही. लोकसभेची आश्वासन समिती तपासते ती फक्त सभागृहातली आश्वासने. म्हणजे पत्रकारांपुढचा शब्द वाऱ्यावर!

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत संसदीय पद्धतीची बाजू मांडली, ती तिच्यात सरकारच्या जबाबदारीची रोज झडती होते म्हणून. तीच झडती आम्ही मागतो. बुडत्या बँका-कंपन्यांविषयी मंत्री बाहेर जे बोलतील, ते सभागृहाच्या पटलावर आलेच पाहिजे. त्या शब्दावर विसंबून कष्टकरी आपली पुंजी ठेवतो. बुडते ती त्याचीच, मंत्र्याची नव्हे!