निवारा केंद्र, नागरी

शहरातील बेघर व्यक्तींना व कुटुंबांना अल्पकाळ आसरा देणारी सार्वजनिक व्यवस्था. धर्मशाळेत उतरणाऱ्या यात्रेकरूस मुक्कामानंतर परतण्यास घर असते. निवारा केंद्रात येणाऱ्यास ते नसते, हा दोहोंतील मुख्य भेद होय.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री पदपथ, पुलाखालील जागा, रेल्वे फलाट, मोठे नळ इ. ठिकाणी राहणाऱ्यांची गणना झाली. तीनुसार देशात सु. १७·७ लाख व महाराष्ट्रात सु. २·१ लाख लोक बेघर होते. एका रात्रीच्या गणनेतून सतत जागा बदलणारी कुटुंबे सुटण्याचा संभव असतो. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाच्या प्रभावामुळे बेघर व भिकारी यांत पुष्कळदा भेद केला जात नसे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे निवाऱ्याच्या प्रश्नाला चालना मिळाली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० व्यक्तींची सोय, दरडोई किमान ५० चौ. फुट जागा व चोवीस तास सेवा ही मानके ठरविली.

नागपूरची लोकसंख्या २०११ मध्ये सु. २४ लाख होती. या मानकानुसार तेथे सु. २,४०० जणांची सोय आवश्यक ठरते. या अभियानाखाली महानगरपालिकेने शहरात निवारा केंद्रे चालविली. उन्हाळ्यात येथील तापमान ४५° से. च्या वर जाते व हिवाळ्यात ते १०° से. खालीही उतरते. त्यामुळे केवळ रात्री उघडणारा निवारा लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना अपुरा पडतो.

स्त्रिया व पुरुष यांची सोय वेगवेगळ्या ठिकाणी असल्यास कुटुंबाची ताटातूट होते. भांडी, अंथरुणे व कामाची हत्यारे ठेवण्यास सुरक्षित जागा नसल्यास मजुरीस जाणे अवघड होते. अशा वेळी कुटुंबे निवाऱ्यापेक्षा पदपथ पसंत करतात आणि केंद्रात जागा रिकामी असूनही गरजू बाहेर राहतात. म्हणून कुटुंबासाठी स्वतंत्र खोली, स्वयंपाकाची सोय, कुलूपबंद पेटी, तसेच अंगणवाडी व शाळा यांच्याशी जोड या सुधारणा महत्त्वाच्या ठरतात. मजुरांचे ठिय्ये, रेल्वे स्थानक व शासकीय रुग्णालये यांच्या जवळची जागा अधिक उपयोगी पडते. निवाऱ्याचा पत्ता ग्राह्य धरल्यास शिधापत्रिका इ. कागदपत्रे मिळविणे सुकर होते. भाड्याच्या अथवा कायमच्या घराकडे जाण्याचा मार्ग जोडलेला नसल्यास मात्र तात्पुरता आसराच दीर्घकाळचे वास्तव्य बनतो. म्हणून केंद्रातून बाहेर पडलेली कुटुंबे पुन्हा रस्त्यावर येतात की नाही, यावरून त्याच्या कार्याचे मूल्यमापन करणे इष्ट ठरते.