चित्र पाहावे कसे?

अजिंठ्याहून परतलेल्या माणसाला आपण विचारतो, "काय पाहिलेत?" तो म्हणतो, "चित्रे पाहिली. फार सुंदर आहेत हो!" पण सुंदर म्हणजे काय, असे पुढे विचारले की गाडी अडते. त्यात त्या गृहस्थाचा दोष नाही. अक्षरे वाचायला शाळेत शिकवतात. चित्र वाचायला सहसा कोणी शिकवीत नाही. तेव्हा छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवरची ही लेणीच आज आपण आपली शाळा करू या.

पहिला धडा पहिल्याच लेण्यात आहे. गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात, की डाव्या हाताला हातात कमळ धरलेला पद्मपाणी बोधिसत्त्व दिसतो. भोवती माणसे आहेत, डोंगर आहेत, माकडेसुद्धा आहेत. तरी नजर आधी त्याच्याकडेच जाते. का बरे? एक तर तो इतरांहून मोठा काढला आहे. दुसरे, मागचा भाग गडद आणि त्याची अंगकांती उजळ आहे. तिसरे, मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, असे त्याचे शरीर वळलेले आहे. यालाच त्रिभंग म्हणतात. ती वळणदार रेषा आपली नजर वर त्याच्या झुकलेल्या पापण्यांपर्यंत नेते. आकार, उजेड-अंधार आणि रेषा या तिघांनी मिळून आपल्याला बजावले, "आधी इकडे पाहा."

दुसरा धडा १७ व्या लेण्याच्या ओसरीत. तिथे दानशूर विश्वंतर राजपुत्राची कथा आहे. मंडपात तो पत्नीसह बसला आहे. जरा बाजूला तेच दोघे छत्राखाली चालत नगराबाहेर निघाले आहेत. मध्ये चौकट नाही की रेघ नाही. मंडपाचे खांब आणि नगराची वेस, हीच प्रसंगांची हद्द. एकच माणूस दोनदा दिसला, की मधे काळ गेला हे प्रेक्षकाने ओळखायचे. मांडणी म्हणतात ती हीच.

आणि रंग? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा; निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानाकडचा लाजवर्द. एवढ्या मोजक्या रंगांत काम भागवले, म्हणूनच भिंतभर रंगांची संगत बिघडत नाही.

आता म्हणाल, हे जाणून आम्हांला काय करायचे? बघा, रस्त्यावरचा निवडणुकीचा फलक, सिनेमाचे पोस्टर, मोबाइलवरची जाहिरात, साऱ्यांची युक्ती हीच असते. कोणाला मोठे केले, कोणाला कोपऱ्यात ढकलले, भडक रंग कशावर ओतला, आणि मुद्द्याची अट बारीक अक्षरांत कोठे दडवली? हे प्रश्न विचारणारा माणूस सहसा फसत नाही. चित्र शब्दांच्या आधी मनात शिरते. दारात कोण आले, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

शेवटी एक गोष्ट. १८१९ साली ही लेणी इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. पुढे रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे येथे राबून चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या; त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनलाच जळाल्या. मूळ चित्रे आहेत ती मातीच्या गिलाव्यावर. ओलावा, धूळ आणि माणसांची गर्दी त्यांना सोसत नाही.

म्हणून गेलात तर भिंतीला हात लावू नका, फ्लॅश उडवू नका. फोटो काढण्याची घाईही नको. काळोखाला डोळे सरावू द्या आणि एकाच चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहा. तीस लेणी धावत पाहण्यापेक्षा त्यात अधिक पाहणे होते.