घरची भाषा सोडायची गरज नाही : ऑटिझम असलेलं मूल, त्याचं बोलणं आणि घराचं स्वास्थ्य

बेळगाव : अडीच-तीन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, म्हणून पालक दवाखान्यात जातात. परत येताना बहुतेक वेळा दोन गोष्टी सोबत येतात. एक, 'ऑटिझम' हा शब्द. दुसरी, कुणीतरी दिलेला सल्ला : 'घरात इतक्या भाषा नकोत, एकच ठेवा.' हा सल्ला कधी नातेवाइकांचा असतो, कधी शाळेचा, तर कधी थेरपी देणाऱ्यांचाही.

सीमाभागात या सल्ल्याचा अर्थ सरळ असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. गोव्यात त्यात कोंकणीची भर, हैदराबादेत तेलुगूची, बडोद्यात गुजरातीची. यातली एकच ठेवायची म्हटलं की पहिली गदा मराठीवर येते, कारण शाळेत ती लागत नाही. मग आई मोडक्या इंग्रजीत बोलू लागते आणि आजी-आजोबा नातवाशी बोलायचंच थांबतात.

आजवरचे अभ्यास या सल्ल्याला दुजोरा देत नाहीत. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, असं त्यांत आढळलेलं नाही. दोन भाषांत वाढणारी आणि एकाच भाषेत वाढणारी ऑटिस्टिक मुलं भाषेच्या बाबतीत साधारण सारखीच आढळली आहेत. उशीर होतो तो ऑटिझममुळे, मराठीमुळे नाही.

ऑटिझम म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण त्यातून मूल मुद्दाम आपल्यातच रमलंय असं वाटतं. प्रत्यक्षात हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि तो जन्मापासून असतो. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून तो वैद्यकशास्त्रापुढे मांडला. आज निदान करताना दोन गोष्टी बघतात. पहिली, इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण यांतली अडचण. दुसरी, तेच तेच करणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, आवाज-उजेड-स्पर्श यांचा फार त्रास होणं किंवा जाणवणंच कमी असणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. भारतात उत्तर गोवा आणि हैदराबादसह पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर आठ मुलांमागे जवळपास एकाला विकासाशी संबंधित कुठली ना कुठली अडचण आढळली. ऑटिझम ही त्यांतली एक. म्हणजे हा मोठ्या शहरांचा किंवा श्रीमंत घरांचा प्रश्न नाही.

शब्दांच्या आधीचं बोलणं

'बोलत नाही' ही पालकांची पहिली तक्रार असते. पण शब्द येण्याआधी बाळ बरंच काही बोलत असतं. वर्षभराचं मूल चंद्राकडे बोट दाखवतं आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतं. 'तू पण बघितलंस ना?' एवढंच त्याला विचारायचं असतं. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून बघण्याची ही सवय म्हणजे बोलण्याचा पाया. ऑटिझम असलेल्या मुलात हा पाया उशिरा किंवा वेगळ्या रीतीने तयार होतो.

म्हणून वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही, येत असलेले शब्द अचानक गेले, अशा वेळी 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि मग विकासाची तपासणी करावी. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यात तो असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते, त्यामुळे तिथे लक्ष अधिक ठेवावं.

काही गोष्टी घरच्यांना कोड्यात टाकतात. मूल आईचा हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेतं, पण तोंडाने काही मागत नाही. हेसुद्धा बोलणंच आहे, फक्त शब्दांशिवाय. आई विचारते, 'पाणी पाहिजे?' आणि मूल तेच म्हणतं, 'पाणी पाहिजे?' ही नुसती पोपटपंची नसते, पुष्कळदा त्याचा अर्थ 'हो' असतो.

आणखी एक प्रकार अलीकडे घरोघर दिसतो. मोबाईलवर बघून मूल इंग्रजी राईम्स, ए टू झेड, शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतं, मात्र तहान लागली तर सांगत नाही. घरच्यांना वाटतं, 'याला इंग्रजीच कळतं, मराठी नाही.' पण पाठ म्हणणं वेगळं आणि संवाद वेगळा. संवादाला समोर माणूस लागतो, आणि तो माणूस ज्या भाषेत मोकळा असतो ती भाषा लागते.

गोव्यात काय करून बघितलं?

या बाबतीत आपल्या शेजारच्या गोव्यात झालेलं काम समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये पालकांना हाताशी धरून करायची एक पद्धत तयार झाली होती. ती आपल्याकडच्या परिस्थितीला जुळवून 'पास' या नावाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी इथे तपासली गेली. २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांचा हा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे पालकांना शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. एकूण १२ सत्रं ठेवली होती.

पद्धत साधी आहे. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात आणि मग कार्यकर्ता पालकांसोबत बसून तो बघतो. मुलाने कुठे हळूच बघितलं, कुठे हात पुढे केला, कुठे काही सांगायचा प्रयत्न केला आणि तो आपल्या नजरेतून कसा सुटला, हे पालकांना स्वतःच दिसतं.

उदाहरण घेऊ. मूल खेळण्यातली गाडी उलटी करून नुसतं चाक फिरवत बसलंय. आपण लगेच म्हणतो, 'असं नाही खेळायचं. कलर कुठला? सांग बघू. रेड म्हण.' तिन्ही वाक्यं हुकमाची. या पद्धतीत पालक मुलाच्या शेजारी बसतात, तेच चाक बघतात आणि म्हणतात, 'फिरतंय... गरगर गरगर... थांबलं!' मग गप्प राहतात. पाच-दहा सेकंद थांबतात. मूल बघेल, आवाज काढेल, गाडी पुढे करेल. जे करेल त्याला उत्तर द्यायचं.

निकाल काय आला? पालक मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच अनुकूल आलं असं मात्र नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ या गटात उलट कमी नोंदला गेला. अभ्यास लहान होता आणि यातून ऑटिझम 'बरा' होतो असा दावा कुणी केलेला नाही. पण मोठ्या शहरातले तज्ज्ञ परवडत नाहीत, अशा घरांनाही पुष्कळ काही करता येतं, हे त्यातून दिसलं. ब्रिटनमधल्या मूळ पद्धतीचा परिणाम सहा वर्षांनंतरही काही प्रमाणात टिकून असल्याचं त्याच वर्षी प्रसिद्ध झालं.

'फिरतंय, गरगर, थांबलं' हे उस्फूर्तपणे कुठल्या भाषेत सुचेल? ज्या भाषेत आपण लहानाचे मोठे झालो तिच्यात. परक्या भाषेत पालकांचं बोलणं कमी होतं, तुटक होतं आणि बहुतेक हुकमांपुरतं उरतं. घरची भाषा सोडण्याचं खरं नुकसान ते.

सीमाभागातल्या घरांसाठी व्यवहार्य मार्ग

ज्याला जी भाषा मोकळी वाटते, त्याने मुलाशी त्या भाषेत बोलावं. रोज लागणारे पाच-सात शब्द ठरवून घ्यावेत : पाणी, आणखी, बास, नको, चल, शू. घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत. एकाने 'पाणी', दुसऱ्याने 'वॉटर', तिसऱ्याने 'मम्मम' असं सुरुवातीला नको.

शाळा कन्नड किंवा इंग्रजी असेल तर चित्रकार्डं फार उपयोगी पडतात. पेल्याचं चित्र एकच, खाली दोन्ही भाषांत शब्द. घरी आजी 'पाणी' म्हणेल, शाळेत बाई 'नीरु' म्हणतील, मुलाला चित्र ओळखीचं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचं मोफत ॲप मराठीतही आहे. चित्रं वापरली तर मूल बोलायचं राहील ही भीती खोटी आहे. अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं घटल्याचं दिसलेलं नाही, काही मुलांत ते वाढलंच.

थेरपिस्टला मराठी येत नसेल तर त्याने घरी करायचा अभ्यास मराठीत कसा करायचा, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावं. 'मराठी बंद करा' हे त्यावरचं उत्तर नव्हे.

आईला दोष देणं थांबवा

एकेकाळी वैद्यकशास्त्रानेच आयांना दोषी ठरवलं होतं. आईच्या थंड वागण्यामुळे ऑटिझम होतो, असं मानलं जायचं. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये या समजाला उघड आव्हान दिलं आणि पुढे तो टिकला नाही. कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता स्पष्ट आहे. लसीमुळे ऑटिझम होतो असं सांगणारा १९९८ चा शोधनिबंधही 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला.

तरी घरात प्रश्न येतातच. 'तू नोकरी करत होतीस म्हणून', 'मोबाईल दिलास म्हणून', 'नजर लागली म्हणून'. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांवर इतर पालकांपेक्षा जास्त ताण असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यात रात्रीची झोप मोडणं हा मोठा भाग, कारण यातल्या बऱ्याच मुलांना झोपेची अडचण असते. तीही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, सोसायची नाही.

मुलाच्या कलाने थांबायला, बघायला आईच्या अंगात त्राण हवं. दमलेल्या माणसाकडून ते होत नाही. म्हणून तिची विश्रांती हाही उपचाराचाच भाग. वडिलांनी किंवा आत्या-काकांनी आठवड्यातून ठरलेले दोन-तीन तास मुलाला पूर्ण सांभाळावं, 'मदत' म्हणून नव्हे तर वाटणी म्हणून. दुसऱ्या भावंडालाही एकट्याचा वेळ मिळावा. लग्नकार्यात बॅन्ड सुरू होण्याआधी जाऊन यावं, कानावर लावायचे मफ जवळ ठेवावेत आणि लवकर निघालं म्हणून कुणी रुसू नये. आईची किंवा वडिलांची झोप, भूक, उमेद बरेच दिवस हरवली असेल तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

पैसा आणि कागदपत्रं

थेरपीचा खर्च वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे हिशेब आधी मांडावा. 'सहा महिन्यांत बरा करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. स्टेम सेलचा उपचार ऑटिझमसाठी शिफारस करण्याजोगा नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी जमीन किंवा दागिने मोडू नयेत.

तपासणीची सुरुवात अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापासून होऊ शकते. पुढे जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. मोठ्या संस्थांत मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, सिकंदराबादची बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांचा उपयोग होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड साधारणपणे राहत्या जिल्ह्यातून काढावं लागतं, पण ते देशभर चालतं. म्हणजे कार्ड बेळगावचं आणि थेरपी कोल्हापूर किंवा मिरजेला, याला अडचण नाही. राज्याची पेन्शन किंवा बस सवलत मात्र त्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे मिळते.

राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत '८०डीडी' म्हणून ओळखली जाणारी वजावट ७५ हजार रुपयांची, तर ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची आहे. नवी पद्धत निवडली तर ती मिळत नाही, म्हणून पद्धत निवडतानाच विचार करावा.

शाळेच्या बाबतीतही हक्क आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे. सीबीएसई मंडळात अशा विद्यार्थ्यांना दोनऐवजी एकच भाषा सक्तीची ठेवण्याची आणि परीक्षेत जादा वेळाची सवलत आहे. शाळेत भाषा कमी करायची असेल तर ती अशी, अर्ज करून कमी करता येते. त्यासाठी आजीने नातवाशी मराठी बोलणं बंद करायची काही गरज नाही.