जुन्या ध्वनिमुद्रिकांचा जीर्णोद्धार : विकत घ्यावा की नाही?

आपल्या स्मरणिकेसाठी आजवर मी लसीकरण, बालदमा, मुलांचा आहार अशा विषयांवरच लिहीत आलो. यंदा संपादकांनी आग्रह धरला की, दवाखान्याबाहेरचे काहीतरी लिहा. योगायोगाने त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ डॉक्टरमित्रांनी मला विचारले, "घरात वडिलांच्या वेळच्या तबकड्या पडून आहेत. त्याच गाण्यांचा रिमास्टर्ड संच बाजारात मिळतो. तो घ्यावा आणि जुने रद्दीत काढावे, असे मुले म्हणतात. तुमचे मत काय?" या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः फार महागात शिकलो आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

छत्रीबागेतील आमच्या घरी वडिलांनी जमविलेल्या सुमारे दीडशे तबकड्या होत्या. त्यांत बालगंधर्वांच्या नाट्यपदांची एक तबकडी त्यांना विशेष प्रिय होती. मी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला असताना, एका रविवारी ते बाहेर गेले होते तेव्हा, त्यांना आनंद व्हावा या शुद्ध हेतूने मी ती तबकडी पुसून लख्ख करायला घेतली. घरात स्पिरिट होते, कापूसही होता. दोन मिनिटांत कापूस काळा झाला. मला वाटले, केवढा मळ निघाला! प्रत्यक्षात निघत होती ती तबकडीच. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख मद्यार्कात विरघळते, ही साधी रसायनशास्त्रातील गोष्ट त्या क्षणी मला आठवली नाही. संध्याकाळी वडिलांनी तबकडी लावली, सुईखालून केवळ घरघर ऐकू आली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी, त्याच पदांची 'संपूर्ण स्वच्छ केलेली' सीडी एका संचात मिळते असे कळताच मी ती मोठ्या उत्साहाने आणून वडिलांना दिली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली आणि म्हणाले, "खरखर गेली खरी, पण तिच्याबरोबर साथही गेली रे." स्पिरिटने मी जे केले होते, तेच कोणीतरी संगणकाने केले होते.

रिमास्टरिंग म्हणजे काय?

गायक गातो ते प्रथम फितीवर मुद्रित होते. त्यावरून तबकडी, कॅसेट किंवा सीडी काढण्यापूर्वी एक तंत्रज्ञ आवाजाची पातळी, मंद्र आणि तार स्वरांचा तोल त्या त्या माध्यमाला मानवेल असा बेतून घेतो. या शेवटच्या संस्काराला मास्टरिंग म्हणतात. एलपीच्या खाचेत फार जोरकस खर्ज भरला तर सुई उडते. म्हणून तो आवरता घ्यावा लागे. हा संस्कार मूळ मुद्रणावर नव्याने करणे म्हणजे रिमास्टरिंग. वेगवेगळ्या मार्गिकांवर मुद्रित केलेली वाद्ये पुन्हा वेगळ्या प्रमाणात मिसळणे ही निराळी क्रिया; तिला रिमिक्स म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य जुने मुद्रण एकाच मार्गिकेवरचे असल्याने तिथे रिमिक्सचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही.

म्हणजे मुळात ही क्रिया वाईट नाही. कित्येकदा ती आवश्यकच असते. सीडीचे युग १९८२ साली सुरू झाले, तेव्हा पहिल्या काही वर्षांत एलपीसाठी बेतलेल्या फितींवरूनच अनेक सीडी घाईने काढल्या गेल्या. त्या पातळ आणि कोरड्या वाटत. बीटल्सच्या सीडी १९८७ साली आल्या आणि त्यांची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २००९ मध्ये. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील तंत्रज्ञांनी त्यावर चार वर्षे काम केले. त्यातील एक आकडा मला फार बोलका वाटतो : एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी पाच मिनिटांहूनही कमी भागावर त्यांनी खरखर काढण्याची प्रक्रिया वापरली. औषध हाताशी असूनही ते न देण्याचा संयम, हे चांगल्या वैद्याचे लक्षण तिथेही लागू पडते.

तंबोरा कुठे हरवतो?

आपल्या संगीतात या संयमाचे मोल अधिक आहे. ज्यांच्या नावाने इंदूर घराणे ओळखले जाते, त्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची (१९१२–१९७४) एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. खाँसाहेबांची अतिविलंबित लय, झुमरा ताल, मंद्र सप्तकातील ती संथ बढत आणि दोन स्वरवाक्यांमधील विराम! त्या विरामात शांतता नसते, तंबोरा असतो. मारव्यात तर षड्ज इतका टाळलेला असतो की, तंबोऱ्यातून तो कानावर येत राहिला नाही तर रागाची हुरहूर जाणवणारच नाही.

आता खरखर काढणारी संगणकप्रणाली कसे काम करते ते पाहू. गाणे नसलेला एखादा क्षण ती नमुना म्हणून घेते, त्या क्षणी जो क्षीण आणि सतत आवाज असेल त्याला 'कचरा' ठरविते आणि सबंध मुद्रणातून तो वजा करते. परंतु सतत चालू राहणारा, गाण्यामागे क्षीणपणे ऐकू येणारा आवाज म्हणजे आपल्याकडे तंबोराच! त्याच्या जवारीतून निघणारे सूक्ष्म उच्च स्वरांश फितीच्या सुसाट्याच्याच कंपनकक्षेत मिसळलेले असतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून दाखविले होते की, सामान्य तारवाद्याच्या नियमाने जे स्वरांश उमटू नयेत, तेही या वाद्यांत उमटतात. आपल्या वाद्यांचे हेच वैभव अविवेकी 'स्वच्छता' प्रथम पुसून टाकते. उरते ती पोकळीत लटकणारी गायकाची तान.

अर्थात, मात्रा रोग्याप्रमाणे बदलते. बालरोगतज्ज्ञ वजन पाहिल्यावाचून औषध लिहीत नाही. १९२५ पूर्वीच्या, म्हणजे कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणांत फार वरची कंपने मुळी उमटतच नसत. तेव्हा त्या पट्ट्यातील केवळ खरखर कापली तरी गाण्याचे फारसे नुकसान होत नाही. तोच उपाय तितक्याच मात्रेत १९६०च्या दशकातील एलपीवर केला, तर जवारी कापली जाते.

मोठा आवाज आणि चुकीची पट्टी

दुसरा दोष म्हणजे मोठेपणाचा हव्यास. मुद्रणातील मोठे आवाज दाबून मग सगळेच वर चढविले की, तबकडी लावताक्षणी भारदस्त वाटते. रॉक संगीतात याला 'लाउडनेस वॉर' असे नाव पडले. मेटॅलिका या वाद्यवृंदाचा २००८चा अल्बम याच कारणासाठी चाहत्यांच्या रोषाला पात्र ठरला. त्याच गीतांची एका व्हिडिओ गेममधील कमी दाबलेली आवृत्ती लोकांना अधिक चांगली वाटली. ख्यालात मंद्रातील पहिला हलका षड्ज आणि द्रुतातील तान एकाच उंचीवर आणून ठेवली, तर अर्ध्या तासाच्या बढतीला अर्थच उरत नाही. अतिरेकी प्रखर केलेली एक्स-रे फिल्म आपल्याला परिचित आहे. फासळ्या ठसठशीत दिसतात, पण फुप्फुसातील जी पुसट छाया पाहायची होती ती नाहीशी होते.

तिसरी बाब मात्र रिमास्टरिंगच्या बाजूने बोलते. आरंभीच्या काळातील तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत असत असे नाही. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ने वाजविली तर गायकाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोनमध्ये गेल्यासारखा वाटतो, लय वाढते, आवाजाचा पोत बालिश होतो. जाणकार तंत्रज्ञाने वेग तपासून ही चूक दुरुस्त केली असेल, तर ते खरे पुनरुज्जीवन होय.

आपल्या कानांचे काय?

येथे एक कबुली द्यायला हवी. शास्त्रीय गायनाचा एक नवा संच ऐकताना मला जुन्या एलपीशी काहीच फरक जाणवेना. मग कानांची तपासणी करून घेतली. अपेक्षेप्रमाणे उच्च कंपनांचा आलेख उतरलेला होता. वयपरत्वे प्रथम तीच श्रवणशक्ती कमी होते. तेव्हा मी नऊ वर्षांच्या पुतणीला बसविले. कोणते जुने, कोणते नवे हे सांगितले नाही. दोन्हींचा आवाज सारखा ठेवला. तिने ताबडतोब सांगितले, "काका, दुसऱ्यात मागचे ते झणझण वाजतच नाहीये." दुसरे म्हणजे नवे होते. एका मुलीच्या मतावरून शास्त्रीय निष्कर्ष काढू नये, हे मी जाणतो. परंतु घरातील सर्वांत चांगले कान बहुधा सर्वांत लहान व्यक्तीला असतात, हे बालरोगतज्ज्ञ म्हणून मी खात्रीने सांगू शकतो.

मग घ्यावे की नाही?

माझे उत्तर असे : जेथे नव्या आवृत्तीने काही नवीन *मिळविले* आहे तेथे अवश्य घ्यावे, जेथे केवळ काही *काढून टाकले* आहे तेथे घेऊ नये. मूळ फितीवरून नव्याने केलेले मुद्रण, दुरुस्त केलेला वेग, एलपीच्या एका बाजूच्या वीस-बावीस मिनिटांत न मावल्याने कापलेला आणि आता पूर्ण मिळणारा राग, या गोष्टींना पैसे मोजणे योग्य. वेष्टनावर मुद्रण कशावरून घेतले याचा उल्लेख नसेल आणि 'डिजिटल', 'क्रिस्टल क्लिअर' एवढीच विशेषणे असतील, तर सावध राहावे.

विकत घेण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात. पहिली, दोन्ही आवृत्त्यांचा आवाज कानाला सारखा करून मगच तुलना करावी. कारण किंचित मोठे वाजणारे माणसाला नेहमीच अधिक चांगले भासते. दुसरी, गाणे न ऐकता विराम ऐकावा. गायक श्वास घेतो तेव्हा मागे तंबोरा जिवंत असेल तर संच घ्यावा. तिथे विहिरीसारखी निःशब्दता असेल तर ठेवून द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : नवे घेतले तरी जुने टाकू नये. आजच्या संगणकाने केलेली चूक उद्याचा संगणक सुधारू शकेल, पण त्यासाठी मूळ तबकडी हयात असायला हवी. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात, मऊ कोरड्या ब्रशने झाडाव्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, हे डॉक्टरांच्या घरात विशेष बजावून सांगतो.

आमच्या छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्या आहेत. दगडावरचे शेवाळे हलक्या हाताने काढले तर नक्षी उजळते. घासून गुळगुळीत केला तर दगड स्वच्छ होतो आणि नक्षी जाते. जीर्णोद्धार आणि नाश यांत हाताच्या दाबाचाच काय तो फरक असतो.

वडील २०११ साली गेले. त्यांची ती निकामी तबकडी मी अजून जपून ठेवली आहे. ती वाजत नाही. पण कपाट उघडले की, कोणतीही जुनी वस्तू 'स्वच्छ' करायला घेण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढे ती मला आठवण करून देते.