गाणे चालते, गाणारा चालत नाही!

इंग्रजी गाणे म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, बड्या घरच्या पोरांचे खूळ, असा एक समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. रविवारच्या पुरवण्यांतून बीटल्स, रोलिंग स्टोन्स, क्वीन या विलायती बँडच्या आठवणी अधूनमधून छापून येतात. त्या लिहिणारांचे पत्ते बहुधा कुलाबा, मलबार हिल नाहीतर पुण्याच्या कॅम्पातले असतात. कुठल्या हॉटेलात कुणाची रेकॉर्ड पहिल्यांदा वाजली, कुणाच्या मामाने लंडनहून काय आणले, याची ती वर्णने वाचायला गोड असतात. पण रोहा-अष्टमीच्या बौद्धवाडीतही कुणी बीटल्स ऐकले असतील, हे या मंडळींच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून आज आम्ही आमची आठवण सांगणार आहोत. आठवणींवर काही कुणाची मक्तेदारी नाही.

कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. मध्ये पूल. अष्टमीत मुसलमान बांधवांची जुनी वस्ती. कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्याप्रमाणे तिथल्याही घराघरांतला एखादा माणूस बोटीवर नाहीतर आखातात नोकरीला. रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ साली. पण लिव्हरपूलचा आवाज रेल्वेच्या आधी चार वर्षे अष्टमीत येऊन पोचला होता. तो आणला आमच्या ओळखीतल्या एका बोटीवरच्या चाचांनी. सुटीवर येताना त्यांनी एक मोठा टेपरेकॉर्डर आणला आणि सोबत सहा-सात कॅसेटी. त्यात बीटल्स होते, पोलीस नावाचा बँड होता, आणि बोनी एम व आबा हेही होते. आम्ही त्या सगळ्यांनाच इंग्रज समजत होतो. बोनी एमचा कारभार जर्मनीतून चालायचा आणि आबा स्वीडनचे, हे कळायला आम्हांला कॉलेजात जावे लागले. भाषा इंग्रजी म्हणजे माणूस इंग्रज, एवढेच आमचे तेव्हाचे ज्ञान!

चाचा एकदा टेप घेऊन आमच्या वाडीत आले. आमच्या आजोबांशी त्यांचा घरोबा होता. आजोबा उभ्या आयुष्यात शाळेची पायरी चढले नव्हते, पण ढोलावर त्यांचा हात असा की पंचक्रोशीत नाव. गावकीच्या कामात देवाच्या पालखीपुढे वाजवणे त्यांच्या वाट्याला वाडवडिलांपासून आलेले. वाजवायचे पालखीपुढे, पण देवळाच्या पायरीला हात लावायचा नाही. जेवण मिळायचे ते पंगत उठल्यावर, वेगळे, लांब. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर गावोगावच्या आपल्या लोकांनी जी हक्काच्या नावाखाली लादलेली कामे सोडली, त्यात आजोबांनीही ढोल खुंटीला टांगला. पुढे तो खाली निघाला तो फक्त भीमजयंतीला.

अशा माणसापुढे चाचांनी बीटल्स लावले. आम्ही पोरे तोंडे वासून बसलो. आजोबा डोळे मिटून ऐकत होते, बोटे मात्र मांडीवर चालू होती. दोन गाणी झाली. मग त्यांनी विचारले, "वाजवणारे कोण लोक हे?"

"विलायतेचे हायत बाबा. चौघे पोरगे. बंदरावरच्या गावचे, साध्या घरचे," चाचा म्हणाले.

"आनि वाजवून झाल्यावर त्यांना जेवाया कुठं बसवतात?"

आम्ही पोरे हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांना प्रश्न कळला होता. ते म्हणाले, "बाबा, त्यांना राणीनं महालात बोलावून मेडल दिलं."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग लाव परत."

वाचकहो, या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे झाली. त्यानंतर आम्ही या बँडवर छापून आलेले पुष्कळ वाचले. कुणी त्यांच्या केसांवर लिहिले, कुणी कपड्यांवर, कुणी त्यांच्या हृषीकेशच्या १९६८ सालच्या मुक्कामावर. पण आमच्या निरक्षर आजोबांनी विचारला तो प्रश्न एकाही संगीत समीक्षकाने विचारलेला आमच्या वाचनात आला नाही. वाजवणाऱ्याला जेवायला कुठे बसवतात? संगीताची खरी परीक्षा या प्रश्नाशी होते.

चाचा सांगत होते ते खरेच होते. २६ ऑक्टोबर १९६५ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात या चौघांना पदके देण्यात आली. जॉन लेननने पुढे १९६९ मध्ये ते परतही केले, हा भाग वेगळा. हे चौघे कोण होते? जॉर्ज हॅरिसनचा बाप बस चालवणारा, घरात संडास नाही, तो मागच्या अंगणात. पॉल मॅकार्टनीचे कुटुंब नगरपालिकेने भाड्याने दिलेल्या घरात राहणारे, आई सुईण. रिंगो स्टार लहानपणी आजारपणामुळे वर्षानुवर्षे इस्पितळात पडून, शाळा अर्धवट. आणि यांनी गाणे शिकले ते कुणाकडून? चक बेरी, लिटल रिचर्ड अशा अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी ऐकून. रोलिंग स्टोन्सने तर आपले नावच मडी वॉटर्स या काळ्या गायकाच्या गाण्यावरून घेतले. म्हणजे विलायती म्हणून जे आपल्यापुढे आले, त्याचे मूळ गुलामांच्या नातवंडांच्या गळ्यात होते. ज्या लिव्हरपूल बंदरातून एके काळी गुलामांच्या व्यापाराची जहाजे सुटत, त्याच बंदरातली पोरे त्या गुलामांच्या वंशजांची गाणी गाऊन जगभर गाजली!

हे ऋण त्यांनी मानले का? बीटल्सनी काही प्रमाणात मानले. सप्टेंबर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल शहरात त्यांचा कार्यक्रम होता. गोरे एकीकडे आणि काळे दुसरीकडे बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. शेवटी ११ सप्टेंबरला सर्वांना एकत्र बसवून कार्यक्रम झाला. विशी-बाविशीतली ही पोरे! आपल्याकडे किती नामांकित गायकांनी, जिथे आपल्या माणसाला आत येऊ देत नाहीत तिथे आम्ही गाणार नाही, अशी अट घातली आहे?

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. एरिक क्लॅप्टन हा इंग्लंडचा थोर गिटारवादक. त्याची सारी कीर्ती काळ्यांच्या ब्लूज संगीतावर उभी राहिलेली. हाच माणूस ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावर दारूच्या नशेत परदेशी लोकांना हाकलून द्या असे बरळला आणि वंशद्वेषी राजकारण करणाऱ्या इनॉक पॉवेलची त्याने भलावण केली. पुढे त्याने याची शरम वाटते असे सांगितले, पण घाव बसायचा तो बसला. याला म्हणतात, गाणे चालते, गाणारा चालत नाही!

त्या घावाला उत्तरही तिथल्या संगीतप्रेमींनीच दिले. वंशद्वेषाविरुद्ध रॉक अशी चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला आणि तिथे क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन यांचे बँड एका मंचावर वाजले. गोरे आणि काळे, दोन्ही. ज्या चाहत्यांनी तो दिवस पाहिला, ते म्हातारपणीही त्याची आठवण अभिमानाने सांगतात. आपल्याकडे १९७२ मध्ये अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी राहिली होती. दोन खंडांत एकाच दशकात तरुण पोरे एकच गोष्ट सांगत होती, माणसाला माणूस म्हणा.

आता आपल्या घरात डोकावू. प्रल्हाद शिंदे यांचे नाव कुणाला ठाऊक नाही? त्यांच्या आवाजातले पंढरीच्या वाटेवरचे गाणे आषाढीला महाराष्ट्रभर वाजते. गणपतीच्या मंडपात त्यांच्याच आवाजाने सकाळ होते. ज्या ओट्यांवर त्यांच्या समाजाच्या माणसाला बसू दिले नसते, त्या ओट्यांवर त्यांची कॅसेट मात्र मानाने बसली. त्याच गळ्याने गायलेली भीमगीते त्या ओट्यांवर कधी वाजली का? गळा तोच, सूर तोच. मग चालत नाही ते काय, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नाही.

नावाचेही असेच. क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी हा जन्माने फारुख बलसारा. झांजिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच १९५८ साली सवंगड्यांना घेऊन त्याने हेक्टिक्स नावाचा पहिला बँड काढला. लंडनला गेल्यावर हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचे कामही त्याने केले. पुढे तो मर्क्युरी झाला. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या मैदानावर त्याने हजारोंचा जनसागर एका हाताच्या इशाऱ्यावर डोलवला. तो आपल्या सातारा जिल्ह्यात शिकला, हे आम्हांला कळले तेव्हा ऊर भरून आला. पण लगेच मनात आले, आपल्याही कितीतरी पोरांनी शहरात खोली मिळावी, नोकरीत कुणी टोचून बोलू नये म्हणून गॅझेटात आडनावे बदलली. त्यांच्यात कुणी गाणारा असेल तर त्याला मूळ नावाने कोण शोधणार?

एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले. तिकीट घेण्याची आमची ऐपत नव्हती. आम्ही भिंतीबाहेर उभे राहून ऐकले. आमच्यासोबत एक भेळवाला, दोन टॅक्सीवाले आणि बंदोबस्ताचा एक हवालदार होता. साठीला टेकलेला मिक जॅगर आत गात होता आणि बाहेर भेळवाल्याची मान तालावर हलत होती. चार्ली वॉट्सचा ड्रम ऐकताना आम्हांला खुंटीवरचा ढोल आठवला. वॉट्स २०२१ मध्ये गेले. त्यांच्यावर जगभरातून रकानेच्या रकाने लिहिले गेले. आमचे आजोबा गेले तेव्हा त्यांचा ठेका कुठेही नोंदलेला नव्हता. तो त्यांच्यासोबतच गेला.

इथेच आमची खरी खंत आहे. विलायतेतल्या चाहत्यांनी काय काय जपले पाहा. मॅकार्टनीचे ते भाड्याचे घर १९९५ मध्ये नॅशनल ट्रस्टने विकत घेतले. ज्या अॅबी रोडवर बीटल्सनी ८ ऑगस्ट १९६९ रोजी फोटो काढला, तिथल्या रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना २०१० मध्ये वारशाचा दर्जा मिळाला. रस्त्यावरचे पट्टेसुद्धा! आणि तिथून पायी अर्ध्या तासाच्या आसपास किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचे घर आहे, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. पण तिथे स्मारक म्हणून लोकांना येऊ द्यायला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली आणि परवानगीसाठी २०२० साल उजाडावे लागले. तरी ते घर वाचले, हे समाधान.

पण आमच्या गायकांचे काय? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे महाकवी वामनदादा कर्डक मे २००४ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे गेले. शाहीर विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच देह ठेवला. यांची गाणी लोकांच्या ओठावर आहेत. पण ती ऐकणाऱ्यांच्या आठवणी? कोणत्या वाडीत कुणाचा जलसा झाला, रात्रभर कोण बसले, कंदील कुणी धरला, गाणाऱ्याला कुणाच्या घरी भाकरी मिळाली, हे कुणी लिहिले? ऐकणारे सत्तरी-ऐंशीला पोचले आहेत. शेजारी महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचा संग्राम झाला, त्या पिढीचा तर आता एकही कान उरलेला नाही. आणि आम्ही काय करतो? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करतो. त्यात शब्दच ऐकू येत नाहीत, मग वामनदादांचा विचार कुठून ऐकू येणार? दोष नेहमी प्रस्थापितांनाच देऊन चालणार नाही.

तेव्हा बीटल्स ऐका, क्वीन ऐका, खुशाल ऐका. चांगल्या गाण्याला जात नसते. पण त्यांच्या चाहत्यांकडून जपणूकही शिका. हातात मोबाईल आहे, तो आपल्याच वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर धरा. त्यांना विचारा, पहिली जयंती कुणी वाजवली, काय गायले, आणि वाजवणारे जेवले कुणाच्या घरी. विहारात एक वही ठेवा आणि ते सारे त्यात नावानिशी उतरवून घ्या. अष्टमीच्या वहीत पहिले नाव आमच्या आजोबांचे लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे. जयभीम!