खिशातला टॉर्च घेताय? पाकिटावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका

‘मोबाईलमध्ये टॉर्च आहे की, मग वेगळा कशाला?’ हा प्रश्न कुणालाही पडेल. कुलूप उघडायला किंवा पलंगाखाली गेलेली चप्पल शोधायला मोबाईल पुरतो, यात वाद नाही. पण रात्री पाण्याची पाळी असलेल्या शेतकऱ्याचं तसं नसतं. महाराष्ट्रात अनेक भागांत शेतीपंपांना वीज रात्री मिळते आणि मोटर सुरू करायला अंधारात बांधावरून जावं लागतं. मण्यार नेमकी रात्रीच बाहेर पडते, घोणस गवतात पडून असते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मोबाईलचा उजेड पसरट असतो, काही पावलांपलीकडे तो फिका पडतो. शिवाय त्यातच चार्जिंग संपलं तर १०८ ला फोन कशावरून लावणार?

म्हणून खिशात एक छोटा टॉर्च असावा. (गावाकडे त्याला अजूनही ‘बॅटरी’ म्हणतात आणि दुकानदारालाही तेच कळतं.)

दुकानात किंवा ऑनलाईन पहिला दिसतो तो ल्युमेनचा आकडा. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब जाईल, हे मात्र कँडेलावर ठरतं, म्हणजे एका दिशेला प्रकाश किती एकवटला आहे त्यावर. त्यामुळे ३०० ल्युमेनचा एक टॉर्च अंगणभर उजेड पाडतो, तर तेवढ्याच ल्युमेनचा दुसरा दूरच्या झाडाचा शेंडा दाखवतो. रोजच्या चालण्याला पहिला बरा.

चांगल्या कंपन्या ‘एफएल १’ या मानकाप्रमाणे आकडे देतात, पण तेही समजून वाचावे लागतात. पाकिटावर ‘१०० मीटर’ लिहिलं असेल, तर शंभर मीटरवर पाव लक्स प्रकाश पडतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथला साप त्यात दिसणार नाही. अंतर दुप्पट हवं असेल तर तीव्रता चौपट लागते. वेळेचंही तसंच. ‘३ तास चालतो’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत तीन तास. बोटाएवढ्या टॉर्चवर १००० ल्युमेन लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा काही मिनिटांचंच असतं. मग तो तापतो आणि स्वतःच उजेड कमी करतो.

खरं तर घरात रात्री उठायला पाच-दहा ल्युमेन भरपूर झाले. जास्त उजेडाने डोळे दिपतात आणि ते पुन्हा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. पायवाटेला शंभर-दीडशे आणि शेतात किंवा गडावर तीनशेच्या आसपास पुरेत. एवढा कमी उजेडही देणारा टॉर्च शोधा. लुकलुकणारा मोड मात्र वारंवार मध्ये येत असेल, तर तो टॉर्च डोकेदुखीच आहे.

सर्वात जास्त फसवणूक होते ती सेलमध्ये. १८६५० हा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. एवढ्या आकारात साधारण ३५०० एमएएच मावतात, फार तर थोडे जास्त. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं की तो बनावट समजा आणि घेऊच नका. पेन्सिल सेलचा टॉर्च कुठेही चालतो, कारण सेल किराणा दुकानातही मिळतात. पण साधे अल्कलाईन सेल महिनोन्महिने आत राहिले तर गळतात आणि स्प्रिंग गंजते. भिंतीतल्या सॉकेटला लावायच्या स्वस्त टॉर्चमध्ये अनेकदा लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी ठेवून पावसाळाभर विसरलात, तर पुढे चार्जच घेत नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर ‘आयपीएक्स ४’ म्हणजे शिंतोडे सहन करणारा आणि ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. पाटाच्या पाण्यात पडण्याची शक्यता असेल तर दुसरा घ्या. खिशात आपोआप चालू होऊ नये म्हणून बटण लॉक होतं का, तेही बघा. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, ते केबिन बॅगेत ठेवावे लागतात.

आणि चालताना टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कमरेच्या खाली धरा. वरून पडलेल्या उजेडात दगड, खड्डा, वेटोळं सगळं सपाट दिसतं. खालून तिरपा उजेड पडला की प्रत्येकाची सावली पडते आणि पाय टाकण्याआधी ती नजरेत येते.